बेटा, तुझं मत काय?

दहावीचा निकाल लागला की वऱ्हाडातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. गुण चांगले असले की मामू, चाचा, शेजारी सगळे सांगतात, "अकोल्याला पाठवा, नीटचे क्लासेस तिथले चांगले." मुलगी असली की लगेच दुसरा सूर निघतो, "इतक्या लांब कशाला? अमरावतीतच राहू द्या." अंतर जेमतेम १०० किलोमीटर. बोलणारे मात्र दहा. आणि जिचा निकाल असतो, ती चहाचा ट्रे घेऊन उभी असते.

उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना तसगीर शिकवतो, म्हणजे लहानपण दाखवणारा शब्द. देगेची देगची होते, बागेचा बागीचा होतो. अरबीतही असे रूप आहे. 'इब्न' म्हणजे मुलगा. त्यापासून 'या बुनय्या' ही हाक होते. अर्थ 'अरे माझ्या बाळा'. या हाकेत लहानपणही आहे आणि मायाही आहे.

कुरआनात बाप मुलाला हीच हाक मारतो. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान मुलाला उपदेश करताना ती तीन वेळा मारतात. हजरत याकूब (अलै.) लहानग्या यूसुफ (अलै.) यांचे स्वप्न नीट ऐकून घेतात, हसण्यावारी नेत नाहीत. हजरत नूह (अलै.) यांचा मुलगा तुफानातही ऐकत नाही, तरी त्यालाही हीच हाक आहे. सूरह साफ्फातमध्ये तर हजरत इब्राहीम (अलै.) आपले स्वप्न मुलाला सांगतात आणि त्याचे मत विचारतात. आज्ञा अल्लाहची होती, ती टळणारी नव्हती. तरीही बापाने विचारले.

विचारणे म्हणजे मुलांच्या हाती लगाम देणे नव्हे. नमाज पढायची की नाही, यावर मत घ्यायचे नसते. लुकमान तिथे स्पष्टच सांगतात. पण त्याच उपदेशात ते आवाज खाली ठेवायलाही सांगतात.

यंदा निकालाची चर्चा आमच्या घरातही झाली. मोठी मुलगी उर्दू माध्यमातून दहावी झाली. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघांनी तिला जवळ बसवून विचारले, "बेटा, तुझं मत काय?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अब्बा, मला डॉक्टर नाही व्हायचं. शेतीचं शिकायचं आहे. मामूंच्या कपाशीवर दरवर्षी बोंडअळी येते. ती हटत का नाही, ते मला बघायचंय." थोडे थांबून म्हणाली, "पण इंग्रजी पुस्तकांची भीती वाटते."

दहा जणांच्या चर्चेत या दोन्ही गोष्टी कुणाच्या तोंडी आल्या नव्हत्या.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. ज्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव त्याला दिले आहे, ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. तिथे जायला बारावी विज्ञान आणि सीईटी लागते. म्हणून अकरावी-बारावी घरूनच करायची आणि पुढचे गुणांवर, असे ठरले आहे. दादी अजून नाराज आहेत. "पोरगी उन्हातान्हात शेतात फिरणार का?" असे त्या रोज विचारतात. त्यांचेही ऐकून घ्यावे लागते. मगरिबनंतर आम्ही मुलीसोबत जीवशास्त्राचे पुस्तक घेऊन बसतो. उर्दूत खलिया, मराठीत पेशी, इंग्रजीत सेल. रोज दहा शब्द. भीती एकदम जात नाही, पण कमी होते आहे.

आज घरोघरी तक्रार एकच, मुले फोनमधून डोके वर काढत नाहीत. "फोन ठेव" म्हटले की फोन बाजूला जातो, पण मनातला प्रश्न मनातच राहतो. आपल्याला विचारता न आलेले प्रश्नच तर मुले रात्री त्या पडद्याला विचारतात. पडदा कधी रागावत नाही, पण मुलासाठी दुआही करत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे हजरत फातिमा (रजि.) आल्या की ते उठून उभे राहत आणि त्यांना आपल्या जागी बसवत. आपल्याला निदान मुलीच्या हातचा ट्रे खाली ठेवून तिला बैठकीत जागा देता येईल. या आठवड्यात एक संध्याकाळ काढा, मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि विचारा. उत्तर लगेच येणार नाही. घाई करू नका. अल्लाह आपल्या मुलांना डोळ्यांची थंडक बनवो आणि त्यांचे ऐकण्याचा सब्र आपल्याला देवो. आमीन.