गाभ्याची रवानगी

मारेगावच्या दिवाणी व फौजदारी न्यायालयात तारखेची चौकशी करावयास आलेल्या पक्षकाराला पडद्यावर आपल्या प्रकरणाची हकीकत तेवढी दिसते. परंतु ज्या प्रणालीत ती नोंदली जाते ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडविली, आणि २००७ साली आरंभ झालेल्या ई-कोर्ट प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने तालुका न्यायालयांपर्यंत उबुंटू लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा मार्ग पत्करला, हे त्याच्या गावीही नसते. त्या लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केला. आज त्याची नवी आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी निघते.

कचेरीला मात्र इतके नावीन्य परवडत नाही. म्हणून उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती एकच गाभा धरून ठेवते आणि पुढील काळातील सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून त्यातच भरते. दुरुस्त गाभा ‘डेब’ पॅकेजात बांधला जातो. ते उघडले तर आत तीनच जिन्नस निघतात : बांधणीचा प्रकार सांगणारी इवलीशी फाइल, नाव-आवृत्ती-अवलंबित्वाचा तपशील, आणि प्रत्यक्ष माल. गंमत अशी की आवृत्तीचा क्रमांक गाभ्याच्या पॅकेजाच्या नावातच गोवलेला असल्यामुळे नवा गाभा जुन्याला पुसून टाकीत नाही, शेजारी येऊन बसतो. आणि ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ नावाचे एक जवळजवळ रिकामे पॅकेज केवळ सध्याचा गाभा कोणता, एवढेच दाखविण्याचे काम करते. पॅकेज उतरल्यावर कचेरीच्या यंत्रावरच आरंभकाळाची छोटी फाइल-प्रणाली रचली जाते व संगणक सुरू होताना गाभा चढविणाऱ्या ‘ग्रब’च्या यादीत नव्या गाभ्याची नोंद होते. नवा बिघडला तर त्या यादीतून जुना निवडता येतो. ही सावधगिरी मला साऱ्या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, जरी तिच्यापायीच ‘बूट’चा वेगळा, तोकडा विभाग जुन्या गाभ्यांनी तुडुंब भरून पुढची रवानगी अडते, हा अनुभव तंत्रज्ञांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

ही रवानगी मधल्या कोणावरही विश्वास न ठेवता होते. पॅकेज कोणत्याही मिरर-सर्व्हरवरून उतरवा; त्याचा हॅश, म्हणजे आशयावरून काढलेला ठसा, पॅकेजांच्या यादीत असतो, त्या यादीचा हॅश ‘रिलीज’ फाइलीत, आणि त्या एका फाइलीवर वितरकाची डिजिटल स्वाक्षरी. नकलेवर न्यायालयाचा शिक्का असला म्हणजे ती कोणी आणून दिली हे जसे गौण ठरते, तसेच हे. वाटेत एक अक्षर बदलले तरी हिशेब जुळत नाही आणि पॅकेजे उतरविणारा ‘ॲप्ट’ तो माल दारातूनच परत पाठवितो.

चालू गाभा स्मृतीत असल्यामुळे नवा अमलात येण्यास संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. एप्रिल २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून चालत्या गाभ्यालाच ठिगळ लावण्याची सोय मूळ लिनक्समध्ये आली. मात्र त्या सोयीने प्रत्येक दुरुस्ती साधत नाही, आणि ज्या कचेरीचे कामकाज सायंकाळी आटोपते तिला अशा ठिगळाची फारशी निकडही नाही.