जुन्या डिझेल गाडीची पारख

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या अनेक गाड्या ना-हरकत प्रमाणपत्रासह इतर राज्यांत विकल्या जातात; त्यामुळे नागपूरच्या ग्राहकाने किलोमीटरच्या आकड्याआधी आरसी बुक तपासावे, कारण परराज्यातील गाडीची एमएच-३१ किंवा एमएच-४९ अशी नोंदणी करताना येथील कर भरावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी जळण्यासाठी गाळणी पुरेशी तापावी लागते, जे सीताबर्डी-धरमपेठच्या फेऱ्यांत क्वचितच घडते, समृद्धी महामार्गावरील सलग प्रवासात मात्र सहज घडते.

इंजिन गार असतानाच (नागपूरच्या मे महिन्यात हे विशेषण सापेक्षच) सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर व्यवहार दुसऱ्या दिवसावर ढकलावा.