वय होते म्हणजे काय होते?

घरातील वडीलधाऱ्यांना एखादे नाव चटकन आठवले नाही, की ‘आता वय झाले’ असे म्हणून आम्ही मोकळे होतो. परंतु वय होते म्हणजे नेमके काय होते?

योग्य पोषण मिळाल्यास पेशी अखंड विभागत राहतात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये ती खोडून काढली. प्रयोगशाळेत वाढविलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ५० वेळा विभागून थांबतात, असे त्यांना आढळले. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोके आखूड होत जातात, हे त्याचे प्रमुख कारण पुढे उमगले. अर्थात, देहाचे वार्धक्य एवढ्यानेच उलगडत नाही.

मनाचा हिशेब तर निराळाच. नवे झटपट आकळण्याची शक्ती वयानुसार मंदावते. शब्दसंपदा व अनुभवाचे ज्ञान मात्र पुष्कळ काळ टिकते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देत. उतारवयात रुबिनस्टाइन मोजक्याच रचना निवडीत, त्यांचा अधिक सराव करीत आणि द्रुत भागापूर्वी लय संथ ठेवीत. त्यामुळे पुढची गती अधिकच भासे. निवड, सराव आणि उणिवेची भरपाई, अशी ही त्रिसूत्री.

आमच्या घरांत मात्र ‘तुम्ही स्वस्थ बसा’ असे म्हणत, प्रेमापोटीच, आम्ही वृद्धांच्या हातचे काम काढून घेतो. मग निवडही त्यांची राहत नाही आणि सरावही सुटतो. तेव्हा आजींना नाव आठवेपर्यंत आम्ही क्षणभर थांबावे, आणि भाजी निवडण्याचे ताट त्यांच्यापुढून उचलू नये, हेच बरे.