जास्वंदीवरील पीठ

अंगणातील कुंडीत जास्वंद बहरलेली असते. एके दिवशी तिच्या शेंड्याची पाने आखडलेली दिसतात, कळ्या उमलण्यापूर्वीच गळू लागतात आणि पानांच्या बेचक्यांत कोणी पीठ भुरभुरावे तसे पांढरे ठिपके दिसतात. खोडावरून मुंग्यांची रांग वर चढत असते. पाहणाऱ्यास वाटते, हा सारा उपद्रव मुंग्यांचाच! तो त्यांना झटकून टाकतो. परंतु जास्वंद सुकतच जाते.

खरा अपराधी ते पांढरे पीठच होय. ते पीठ नसून 'पिठ्या ढेकूण' नावाच्या किडीचा समुदाय असतो. या किडीचे मऊ शरीर जेमतेम ३ मिलिमीटर लांब असून त्यावर मेणासारख्या भुकटीचे आवरण असते. सुईसारखी सोंड कोवळ्या देठात खुपसून ती झाडाचा रस शोषते. तिच्या विषारी लाळेमुळे पाने चुरगळतात. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि सुमारे आठवड्याने त्यांतून पिले बाहेर पडतात. जास्वंदीवरील अशी एक जात द्राक्षवेलींनाही पीडा देते.

मग मुंग्यांचे तेथे काय काम? शोषलेल्या रसातील जास्तीची साखर ही कीड गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. या थेंबांच्या लोभाने मुंग्या येतात आणि गुराख्याने गाई राखाव्यात तशी त्या किडीची राखण करतात. तिचे शत्रू आले, तर त्यांना हुसकावून लावतात. पानांवर सांडलेल्या थेंबांवर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि पानास सूर्यप्रकाश मिळेनासा होतो.

उपाय कठीण नाहीत. मात्र ते चिकाटीने करावे लागतात. कीड थोडी असेल, तर ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावी. फार किडलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा. किडीवरील मेणामुळे नुसते पाणी तिच्या अंगावरून ओघळून जाते. म्हणून १ लिटर पाण्यात चमचाभर सौम्य पातळ साबण मिसळून फवारावा. ५० ग्रॅम निंबोळ्यांची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला अर्कही उपयोगी पडतो. त्यामुळे किडीची भूक मंदावते आणि वाढ खुंटते. कडक उन्हात हा अर्क निकामी होतो. म्हणून तो सायंकाळी फवारावा. प्रथम एका पानावर फवारून पाहणे इष्ट. अंड्यांतून निघणाऱ्या पिलांसाठी आठवड्याने फवारणी पुन्हा करावी. मुंग्यांना अडविण्यासाठी पाण्याच्या परातीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवावी. परातीतील पाणी मात्र रोज बदलावे. नाहीतर तेथे डास होतील.

परंतु फवारणीपूर्वी झाड नीट न्याहाळावे. या पिठात कधीकधी एक मोठी, पांढऱ्या झालरीची अळी लगबगीने फिरताना दिसते. 'हीच सर्वांत मोठी कीड!' असे समजून पुष्कळजण तिला प्रथम चिरडतात. वस्तुतः ती 'क्रिप्टोलिमस' नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते. दिसायला ती थेट पिठ्या ढेकणासारखी. परंतु तिचे अन्न म्हणजे पिठ्या ढेकूणच! हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातील. कॉफीच्या मळ्यांतील किडीचा नाश करण्यासाठी १८९८ साली तो भारतात आणला गेला. आज द्राक्षे आणि पेरू यांच्या बागांतही तो मुद्दाम सोडतात. ज्या फांदीवर त्याच्या अळ्या असतील, तेथे काहीही न फवारता त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

जास्वंदीवर दिसलेली मुंगी मुख्य शत्रू नव्हती आणि शत्रूसारखी दिसणारी अळी मित्र निघाली. हात उगारण्यापूर्वी डोळे उघडून पाहणारा माळीच झाडाचे खरे रक्षण करू शकतो.