क्राउडफंडिंग गुंतवणूक : प्रेरणा आणि कायदेशीर नियमन

अनेक लोकांकडून अल्प रकमा गोळा करून एखाद्या उपक्रमास निधी पुरविणे म्हणजे क्राउडफंडिंग होय. गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटाची निर्मिती केली. त्यामागे नफ्यापेक्षा आपलेपणाची भावना प्रबळ होती. आजचा लहान गुंतवणूकदारही परताव्याबरोबरच उद्योजकावरील विश्वास व परिचितांचे अनुकरण यांमुळे पैसे गुंतवितो.

मात्र देणगी आणि भागभांडवल यांत कायदा भेद करतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४२ व त्याखालील नियमांनुसार खाजगी वाटपात एका प्रकारचे रोखे एका आर्थिक वर्षात २०० हून अधिक व्यक्तींना देऊ करता येत नाहीत. पात्र संस्थात्मक खरेदीदार आणि कर्मचारी-भाग योजनेतील कर्मचारी या संख्येत धरले जात नाहीत. मर्यादा ओलांडल्यास तो सार्वजनिक देकार ठरतो. सेबीने जून २०१४ मध्ये याविषयी चर्चापत्र काढले, तर ऑगस्ट २०१६ मध्ये अनधिकृत ऑनलाइन मंचांबाबत गुंतवणूकदारांना सावध केले.

शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे भाग सहज विकता येत नाहीत. म्हणूनच प्रेरणा भावनिक असली तरी जोखीम आर्थिकच असते, हे गुंतवणूकदाराने प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे.