लग्नानंतर आडनाव बदललं, मग इंग्लंडच्या खेड्यातली पणजी शोधायची कशी?

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या साध्या बाईचा माग काढताना गाडी अडते ती लग्नापाशी. तिथे आडनाव बदलतं. त्यात १८३७ पासूनच्या लग्नाच्या दाखल्यावर वधू-वरांच्या फक्त वडिलांचं नाव असायचं. आईचं नाव यायला चक्क २०२१ उजाडलं! मग धागा सापडतो मुलांच्या जन्मदाखल्यात, कारण त्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. १८५१ च्या जनगणनेत तिचं जन्मगावही कळतं. त्या गावच्या चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा शोधायचा. अशा वह्या ठेवायचा हुकूम १५३८ चा. शेतात राबणाऱ्या बाईचा व्यवसायाचा रकाना मात्र अनेकदा कोराच. १९११ च्या जनगणनेत विवाहितेला किती मुलं झाली, किती दगावली, हेही विचारलं होतं. कुठेच न सापडलेलं एखादं बाळ त्या आकड्यात असतं.