महिनावार हिशेबाच्या दोन रीती

हवामानाच्या नोंदी बहुधा रोजच्या रोज होतात; अभ्यासकाला मात्र पुष्कळदा महिन्यांचा हिशेब हवा असतो. हे काम आता संगणक क्षणार्धात करतो. परंतु ‘महिनावार’ या शब्दाचे दोन अर्थ होतात व त्यांतला कोणता अभिप्रेत आहे, हे आपणच ठरवावे लागते.

एक उदाहरण घेऊ. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर मार्च १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञाने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे मोजमाप सुरू केले. डिसेंबर २०२३ पर्यंतच्या नोंदी आपल्यापुढे आहेत असे समजू.

पहिली रीत गटवारीची. सर्व वर्षांतील जानेवारी एका गटात, सर्व फेब्रुवारी दुसऱ्या गटात, याप्रमाणे बारा गट पाडून प्रत्येकाची सरासरी काढावयाची. उत्तरे बाराच येतात व त्यांत ऋतुचक्र दिसते. हा वायू मे महिन्यात सर्वाधिक असतो. पुढे उत्तर गोलार्धातील वनस्पती तो शोषून घेतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो सर्वांत कमी होतो.

दुसरी रीत कालक्रमाची. तीत १९५८ चा मे निराळा आणि १९५९ चा मे निराळा. आता महिने ७९० होतात. दहा लक्ष भागांत १९५८ साली सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू २०२३ साली ४२० भागांपलीकडे गेला, हे तीत स्पष्ट दिसते. गटवारीत ही वाढ अजिबात दिसत नाही.

पायथन भाषेत लिहिणारे ‘पांडाज’ हा आज्ञासंग्रह वापरतात. त्यात गटवारीच्या आज्ञेस ‘ग्रुपबाय’ व कालक्रमाच्या आज्ञेस ‘रीसॅम्पल’ म्हणतात. ‘ग्रुपबाय’ला वर्ष व महिना दोन्ही सांगितल्यास तीही कालक्रमाने उत्तरे देते, तथापि एक भेद उरतो. फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ या काळात मौना लोआचे मोजमाप बंद होते. ‘रीसॅम्पल’ या तीन महिन्यांच्या जागा राखून त्यांची सरासरी रिकामी ठेवते. ‘ग्रुपबाय’च्या यादीत मात्र जानेवारीनंतर लगेच मे येतो आणि खंड लक्षातही येत नाही.

तथापि ‘रीसॅम्पल’कडे सरासरीऐवजी बेरीज मागितली, तर नोंद नसलेल्या महिन्यापुढे ती शून्य मांडते. पावसाच्या नोंदींत हा घोटाळा घातक ठरेल. पर्जन्यमापक वाचलाच गेला नाही, असा महिना कोरडा गेलेला दिसेल आणि नसलेला दुष्काळ कागदावर उमटेल.

म्हणून ऋतू जाणावयाचा असेल तर गटवारी करावी, बदल जाणावयाचा असेल तर कालक्रम राखावा; आणि नोंद नसेल तेथे शून्य न लिहिता जागा रिकामीच ठेवावी.